विहिरीची सातवी पायरी

आचोळ्याला फ्लॅट घेतला तेव्हा नळ होते, पाणी नव्हतं. सोसायटीच्या कमिटीवर मला घेतलं ते काही माझ्या हुशारीमुळे नव्हे. माझी सासुरवाडी समुद्राकाठच्या गिरीजची, त्यांच्या केळीच्या वाडीत गोड्या पाण्याची विहीर आहे, हे लोकांना कळलं म्हणून. मीही छाती फुगवून म्हणालो, "टँकरचं माझ्यावर सोडा."

सासरे तयार नव्हते. "जावईबापू, ही विहीर वाडीपुरती. जास्त उपसायची नसते."

"बाबा, रोज एकच टँकर. सकाळपर्यंत भरते की!"

मी जन्मभर गच्चीवरच्या टाकीचं पाणी प्यायलेला. माझ्या लेखी विहीर म्हणजे जमिनीतली टाकी. जावयाला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यांनी टँकरला वाडीची वाट मोकळी करून दिली.

एकाचे तीन टँकर झाले. दर रविवारी मी विहिरीत डोकावून पायऱ्या मोजायचो. तेवढं गणित मला येतं. पाणी सातव्या पायरीवर, मे महिन्यातही सातवीवरच. "बघा, एक पायरीसुद्धा उतरलं नाही!" हे इतक्या वेळा ऐकवलं की बायको म्हणाली, "विहीर तुम्हीच खणलीत जणू."

तिसऱ्या उन्हाळ्यात केळीच्या पानांच्या कडा करपल्या. सासऱ्यांनी विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन माझ्यापुढे धरलं. मी घोट घेतला. मचूळ नव्हे, चक्क खारट.

"गोडं गेलं तिथं समुद्राचं आलं," ते म्हणाले. "पायरी उतरणार कशी?"

रागावले असते तर बरं वाटलं असतं.

टँकर मी दुसऱ्याच दिवशी बंद केले. पुढे काही वर्षांनी आमच्या नळाला धरणाचं पाणी आलं, सोसायटीत पेढे वाटले. ते सांगायला गिरीजला गेलो. विहीर अजून खारटच होती. केळी काढून टाकली होती, नुसते नारळ उभे. प्यायचं पाणी लांबच्या विहिरीवरून यायचं.

"धरण आटलं तर वरून दिसतं का हो?" सासऱ्यांनी विचारलं.

"दिसतं ना. तळ उघडा पडतो. पेपरात फोटो येतात."

"बरं आहे ते."

निघताना सासूबाई बायकोला बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या. रस्त्यात विचारलं, तर ती आधी सांगेना. मग म्हणाली, "पुढच्या खेपेला आपल्या नळाचं पाणी आण म्हणाली, दोन कॅन. तुम्हाला कळू देऊ नको म्हणाली."