अँबेसेडरमधली चेनचोरी

काही प्रकरणांची फाईल बंद होते, पण प्रकरण बंद होत नाही. कुठे जुन्या गाडीच्या इंजिनातून खडखड ऐकू आली की सौंसरचं ते प्रकरण माझ्यापुढे येऊन उभं राहतं. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी बऱ्याच जणांना बोलतं केलं. पण इतक्या कमी वेळात इतका सपशेल उघडा पडलेला आरोपी दुसरा आठवत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मध्य प्रदेशातल्या, नागपूरच्या बाजूच्या सौंसर ठाण्याचा प्रभारी होतो. नागपूरहून एक जुनी अँबेसेडर घेतली होती. दिसायला ऐटदार, पण चालू केली की इंजिनाच्या पुढच्या भागातून डब्यात चिंचोके हलवल्यासारखा आवाज. पहाऱ्यावरचा आरक्षक म्हणायचा, "साहेब निघाले हे अख्ख्या गावाले समजते. चोरायची मोठी सोय करून ठेवली तुमी."

गावातल्या मिस्त्रीने आवाज ऐकूनच निदान केलं. टायमिंग चेन सैल झाली होती आणि ती ताणून धरणारा टेन्शनर झिजला होता. दोन्ही नवे लागणार. मी नागपूरहून मागवले. सामान आलं त्या दिवशी शनिवार होता, जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायचंच होतं. नवी वस्तू आहे, देवापुढे ठेवावी, म्हणून सोबत नेली. परत येताना मिस्त्रीकडे दिली.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. आवाज होता तसाच. खरं तर दोन चिंचोके वाढलेच होते.

खबर दिली ठाण्यासमोरच्या चहावाल्याने. आजूबाजूला पाहून हळूच म्हणाला, "साहेब, मिस्त्रीच्या साळ्याची टॅक्सी पाहिली काय? कालपर्यंत खडखड करे. आज मांजरीसारखी चालून राहिली."

माझ्या डोक्यात लगेच साखळी जुळली. नवी चेन साळ्याच्या गाडीत, साळ्याची जुनी माझ्या गाडीत. ठाणेदाराच्या घरी चोरी! खबऱ्याची माहिती आधी तपासावी, हे मी नव्या पोरांना शिकवत असे. त्या दिवशी मला शिकवणारा कोणी नव्हता.

सकाळी दहाला मिस्त्रीला बोलावलं. रोजनामच्यात नोंद नाही, कलम नाही. फक्त म्हटलं, "जरा बस." ठाण्याच्या ओसरीतल्या बाकावर 'जरा बसणं' ही छोट्या गावातली फार मोठी शिक्षा असते. रस्ता समोरूनच जातो. दुपारपर्यंत बसस्टँडवर पसरलं की मिस्त्री गाड्यांचं सामान बदलतो. एक टेम्पोवाला आपली गाडी त्याच्या गॅरेजमधून अर्धवट खोललेलीच ओढून घेऊन गेला. हे मला कळलं, आणि लाज वाटायच्या ऐवजी वाटलं, बरोबर दाब पडतोय.

मग चौकशी.

"चेन कुठाय?"

"गाडीत हाय साहेब."

"साळ्याच्या?"

"तुमच्या. त्याच्या गाडीचा तं पंख्याचा पट्टा खराब होता. मीनंच बदलला."

मी अर्धा तास आवाज चढवला, अर्धा तास गप्प बसून पाहिलं. माणूस हलला नाही. चारच्या सुमारास तोच उठून उभा राहिला. "साहेब, इंजन खोला. चार लोकांसमोर खोला. पांढुर्ण्याच्या उस्ताद मिस्त्रीले बोलवा, तो माह्या बाजूनं बोलणारा नाही, आमचं जमत नाही. चेन जुनी निघाली तं मी गॅरेजले कुलूप लावतो."

दुसऱ्या दिवशी उस्ताद आला. साठीचा, कमी बोलणारा. ठाण्याच्या आवारात गाडी, दोन पंच, आणि कागद घेऊन ठाण्याचे कारकून मुंशीजी. उस्तादने आधी पंख्याचा पट्टा काढून इंजिन मिनिटभर चालवलं. आवाज तसाच, म्हणजे डायनामो आणि पाण्याचा पंप संशयातून सुटले. मग लांब पेचकस घेतला. टोक इंजिनावर, मूठ कानाला. वरच्या झाकणावर ऐकलं, मान हलवली. पुढच्या झाकणावर टेकवलं आणि मला बोलावलं, "ऐका साहेब." कानात कोणी खिळ्यांची पिशवी हलवत होतं.

रेडिएटर निघाला, पुली निघाली, झाकण निघालं. झाकणाच्या आतून चेन घासल्याची ताजी चकचकीत रेघ होती. पण चेन? कोरी करकरीत. ती जिच्यावर फिरते त्या दोन्ही दातेरी चाकांवरच्या खुणा समोरासमोर, नेमक्या. मिस्त्रीने फक्त माझ्याकडे पाहिलं.

उस्तादने टेन्शनर काढला. त्याच्या पाठीला बारीक भोक असतं. त्यातून तेल आत जातं, तेलाच्या दाबाने तो पुढे सरकतो आणि चेन ताणून धरतो. उस्तादने भोकात तार घातली. तारेच्या टोकाला केशरी रंगाचा गोळा आला.

"हे कोणतं ग्रीस व्हय बाप्पा?" उस्तादने वास घेतला. "हा तं शेंदूर हाय."

मी तार हातात घेऊन पाहिली. आणि मला शनिवार आठवला. देवापुढे सामान ठेवल्यावर मी बोटाने शेंदूर घेऊन चेनला लावला होता, आणि टेन्शनरवर ते भोक कपाळाच्या मध्यासारखं दिसलं म्हणून नेमका तिथे, अंगठ्याने दाबून, ठसठशीत टिळा.

"तू पुसला काऊन नाही?" उस्तादने मिस्त्रीला विचारलं.

"कसा पुसू? देवाचा शेंदूर, अन् ठाणेदारसाहेबाचा हात. पुसला असता तं मले त्याच्यासाठी बाकावर बसवलं असतं."

मुंशीजींनी लेखणी थांबवली. चेहरा अगदी कोरा. "साहेब, आरोपीच्या जागी कोणाचं नाव लिहू?"

रॉकेलने भोक साफ केलं, पंपाने हवा मारली, सगळं जागच्या जागी बसवलं. चाबी फिरवल्यावर चार सेकंद खडखड झाली, तेल पोचलं, आणि गाडी गप्प. मी मिस्त्रीला म्हटलं, चूक माझी होती, काय करू सांग.

त्याने विचार केला. "उद्या बाजार हाय. माह्या गॅरेजसमोर बाक हाय. दहा ते चार, जरा बसा."

बसलो. वर्दीत. बाजाराला आलेला प्रत्येक माणूस थांबायचा, "साहेब, इथं कसे?" आणि मी प्रत्येकाला शेंदराची गोष्ट पहिल्यापासून सांगायचो. दुपारी टेम्पोवाला आपली अर्धवट खोललेली गाडी ओढत परत घेऊन आला.

त्यानंतर ठाण्याच्या बाकावर कोणाला बसवायची वेळ आली की मी घड्याळ पाहायचो. सहा तास किती मोठे असतात, ते मी स्वतः बसून मोजले होते. बाजाराच्या त्या दिवशी, तीनच्या सुमारास, तोच चहावाला माझ्यासाठी चहा घेऊन आला आणि आजूबाजूला पाहून हळूच म्हणाला, "साहेब, काही कबूल केलं काय?"

म्हटलं, "सकाळपासून तेच करून राहिलो."