कुलूप बाहेरून होतं

नोकरीतले कित्येक गुन्हे आता पुसट झालेत, पण वराळ्याच्या त्या फ्लॅटची घटना आजही जशीच्या तशी आठवते.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदारानं फोन माझ्या हातात दिला. एक बाई घाबऱ्याघुबऱ्या बोलत होती. "साहेब, शेजारच्या घराला भाएरनं कुलूप हाय आन् आत कुकर शिट्ट्यावर शिट्ट्या मारतोय. कुणी बंदच करंना. करपल्याचा वास येतोय."

आम्ही कुलूप तोडलं. ओट्याखाली एक म्हाताऱ्या मावशी पडल्या होत्या. अर्धांगवायूचा झटका आला होता, पण श्वास चालू होता. त्यांना दवाखान्यात हलवलं, पंचनामा केला. शेजारणीकडून कळलं, मुलगा-सून रोज बाहेरून कुलूप लावून कामावर जातात. आईला कोंडून कामावर जाणाऱ्या त्या मुलाला मी जिन्यातच मनोमन चार शिव्या हासडल्या. म्हातारं माणूस जड झालेली घरं मी काही कमी पाहिली नव्हती.

मुलाला आंबीच्या कारखान्यातून आणलं. त्याची बायको लोणावळ्याच्या एका हॉटेलात कामाला, ती थेट दवाखान्यात गेली. खोटं बोलणारा धडाधड उत्तरं देतो. हा मात्र एकेक शब्द जुळवत बोलला.

"कोंडलं न्हाई साहेब. आईच म्हनायची, भाएरनं लाव. घराचं हप्तं थकलेत. बँकेचा मानूस, पोस्टमन आला तर घर बंद दिसाय पायजे."

"हे कुणी शिकवलं?"

"एक सल्लागार हाय. तो म्हनला, नोटीस हातात घेतलीच न्हाई तर लागू व्हत न्हाई. बँकेत पाऊल टाकू नको, मी बघतो."

अरे, काय म्हणावं या अकलेला! पण हा समज मावळात घरोघरी आहे. समन्स आलं की पाहुण्यांकडे जाऊन बसणारे मी ढिगानं पाहिलेत. पाकीट परत गेलं म्हणून कायदा थांबत नाही, नोटीस दारावर डकवतात. हा पठ्ठ्या ती शेजाऱ्यांच्या नजरेस पडायच्या आत फाडायचा, तीही न वाचता.

बँकेत चौकशी केली. घराचा लिलाव होऊन गेला होता. मॅनेजर हळहळले. "एकदा जरी आले असते तर मुदत वाढवून हप्ता कमी केला असता. नाहीतर स्वतः गिऱ्हाईक बघून विकायला वेळ दिला असता." घर कुणी घेतलं, विचारलं. नाव ऐकताच माझा आंबीचा हवालदार म्हणाला, "साहेब, हा तर त्या सल्लागाराचा मेव्हणा! मी ह्याच्या हळदीला जेवून आलोय."

दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. सल्लागार मोठा निर्ढावलेला. "सल्ला दिला साहेब, दरोडा नाही घातला." मेव्हण्याला मात्र चहा पुरला. "दाजीच म्हनले, त्या घरच्यांना कायबी कळनार न्हाई, तू बोली लाव." हे ऐकवल्यावर सल्लागाराचं तोंड उतरलं. फसवणुकीचा गुन्हा दाखल केला, पुढे दोषारोपपत्रही गेलं. पण लिलाव बँकेनं रीतसर केला होता. वाद कोर्टात पडून राहिला आणि घर गेलं ते गेलंच.

कुलूप तोडलं त्याच आठवड्यात मावशी वारल्या. घराचा ताबा घेताना पोलीस बंदोबस्त मिळावा, असा बँकेचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. मुलगा समोर उभा राहिला. "साहेब, आईला येकदा घरी न्यायचंय." बँकेला फोन करून ताबा पुढे ढकलायला लावला. ते माझं काम नव्हतं, पण केलं.

तेव्हापासून हप्ते थकलेला कुणी भेटला की मी दरडावून सांगतो, नोटीस घे, वाच, बँकेत जा, चारचौघांत बोल. लाज गेली तरी चालेल. हे मी कुठल्या पुस्तकात नाही, त्या घराच्या दारात उभं राहून शिकलो.

मावशींना घरी आणलं, त्या दिवशी दार सताड उघडं होतं. अख्खी सोसायटी जमली होती. त्रिशरण-पंचशील झालं. आम्हाला फोन करणाऱ्या बाईचा नवरा मुलाजवळ बसला आणि हळूच म्हणाला, "अरं, माझंबी हप्तं थकलं हुतं. बँकेत जाऊन हात जोडलं, त्यांनी मुदत वाढवून दिली. एक शब्द बोलायचास तरी!"

मुलानं आईकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"रोज एकाच जिन्यानं येत हुतो की रं आपण," एवढंच म्हणाला, आणि आईच्या पायांवर कोसळला.