गव्हर्नर येईपर्यंत झाकून ठेवलेली तीनचाकी

आमच्या धुळ्यात त्या काळी समाजसेवा फार जोरात होती. म्हणजे तिचे बोर्ड जोरात होते. स्टँडवर पाणपोई होती, तिथं माठापेक्षा क्लबच्या नावाची पाटी मोठी. रस्त्याकडेला झाडांसाठी लोखंडी पिंजरे होते, पिंजऱ्यांवर देणगीदारांची नावं होती, आत झाड तेवढं नव्हतं. ते बकऱ्यांनी खाल्लं. नावं बकऱ्यांना पचत नसावीत, म्हणून राहिली.

मी तेव्हा कॉलेज संपवून पत्रकं काढत होतो. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइल करायची, शर्टाला शाई लावून घ्यायची आणि चौकात उभं राहून वाटायची. संघटनेत आम्ही तिघं होतो. एकाला बँकेत नोकरी लागली, दुसऱ्याचं लग्न ठरलं. त्यानंतर पत्रकाखाली ‘समस्त जागृत तरुण’ अशी सही मी एकटाच करायचो.

आमच्या गल्लीत एक ताई राहायची. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. शिवणाच्या हातमशीनवर तिनं गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज शिवले होते आणि सगळ्यांची वाढती मापं ती तोंडावर बोलून दाखवायची. त्या वर्षी तिला देवपूरच्या एका शाळेत शिवणवर्गाच्या बाईची जागा मिळाली. पण घर पांझरा नदीच्या अलीकडे, शाळा पलीकडे. भाऊ तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेईल असं ठरलं होतं, तेवढ्यात भावाला नरडाण्याला कारखान्यात काम लागलं, तिथंच राहायचं. दिवाळीनंतर तो जाणार. रिक्षानं रोज ये-जा करायची तर पगार रिक्षावाल्यालाच देऊन मोकळं व्हायचं. शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगितलं, “दिवाळीची सुट्टी संपली की वर्गावर या. नाही जमलं तर मी दुसरी बघते.”

त्या पाणपोईवाल्या क्लबनं अपंगांसाठी हातानं चालवायच्या तीनचाकी सायकली मंजूर केल्या होत्या. पावसाळ्यातच ताईचा अर्ज पास झाला. दसऱ्याआधी चार सायकली आल्याही. क्लबचे अध्यक्ष कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक होते. त्यांनी दसऱ्याला जिनातल्या यंत्रांबरोबर या सायकलींचीही पूजा केली, झेंडूच्या माळा घातल्या, वर प्लॅस्टिक टाकलं आणि गोडाउनला कुलूप लावलं. कारण गव्हर्नर यायचे होते.

हे राजभवनातले गव्हर्नर नव्हेत. या क्लबांचा आपला एक जिल्हा असतो आणि त्याचा गव्हर्नर असतो. वर्षातून एकदा तो अधिकृत भेटीला येतो, आणि त्याच्यासमोर दाखवायला म्हणून वर्षभराचं पुण्य साठवून ठेवतात. आमचे गव्हर्नरसाहेब जळगावला राहत. सकाळच्या एस.टी.नं निघाले असते तर दुपारच्या जेवणाला धुळ्यात असते. पण त्यांची तारीख जानेवारीतली होती.

मी तावातावानं जिनावर गेलो. अध्यक्ष आणि सेक्रेटरी गादीवर बसून भजी खात होते.

“शेठ, सायकली तयार आहेत, माणसं तयार आहेत, मग देत का नाही?”

“देणारच आहोत ना बाबा. भजी घे.”

“कधी?”

सेक्रेटरी समजुतीनं म्हणाले, “हे बघ, आत्ता वाटून टाकल्या तर साहेबांना दाखवायचं काय?”

“सायकलीवर फिरणारी माणसं दाखवा!”

“फिरणारी माणसं काय, रस्त्यावर कुठंही दिसतात. त्याचा फोटो होतो का? फोटोत देणारा हात पाहिजे.”

मी भजी घेतली नाहीत. त्यानं त्यांचं काही बिघडलं नाही.

घरी येऊन पत्रक लिहिलं. ‘गोडाउनात कोंडलेली दया’. भाषा अशी पेटलेली की स्टेन्सिल दोन ठिकाणी फाटली. ताईच्या ओट्यावर बसून तिला आणि तिच्या आईला ते वाचून दाखवलं. शेवटच्या परिच्छेदात मी भांडवलदारांना इतिहासाच्या उकिरड्यावर फेकलं होतं.

तिची आई तूर निवडत होती. म्हणाली, “बठ्ठं चांगलं लिखेल शे रे भाऊ. पण गाडी कवय भेटी?” गाडी कधी मिळणार, हे तेवढं माझ्या पत्रकात कुठंच नव्हतं.

ताई म्हणाली, “त्यात माझं नाव टाकलंयस?”

“नाव नाही. ‘एक पीडित भगिनी’ लिहिलंय.”

“ते आधी काढ. पीडित म्हणे! हा कागद वाटलास तर जानेवारीत मिळायची तीपण जाईल.”

“ताई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तत्त्वावर बसून देवपूरला जाता येतं का? मग मी आजच बसते.”

आई तुरीत तोंड घालून हसली. मी पत्रकांचा गठ्ठा उचलून घरी नेला.

चार दिवसांनी ताईनं भावाच्या हातून क्लबला निरोप पाठवला, तोही अगदी गरिबीच्या सुरात: मी कधी असली गाडी चालवलेली नाही, साहेबांसमोर हात सुटला आणि गाडी त्यांच्या अंगावर गेली तर मला माफ करा. हा निरोप बरोबर जागी लागला. मागच्या वर्षीच्या समारंभात एका म्हाताऱ्या आबांनी तीनचाकी सरळ माईकच्या स्टँडवर घातली होती आणि गव्हर्नरांच्या भाषणाऐवजी सभागृहानं फक्त किंचाळी ऐकली होती. क्लबनं घाईघाईनं रंगीत तालीम ठेवली. दान घ्यायची रंगीत तालीम! हे फक्त क्लबवाल्यांनाच सुचू शकतं.

दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी जिनाच्या आवारात तालीम झाली. अध्यक्ष गळ्यात पदाची साखळी घालून गव्हर्नर म्हणून खुर्चीत बसले. सेक्रेटरी शिट्टी घेऊन उभे. चौघांनी ओळीनं यायचं, थांबायचं, नमस्कार करायचा, वळायचं. बाकीच्या तिघांच्या गाड्या एकमेकींत अडकल्या. ताईनं एक फेरी मारली, दुसरी मारली. अध्यक्षांसमोर थांबून असा नमस्कार केला की त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत आशीर्वाद दिला.

कापसाचे दिवस होते. कापूस भरलेली ट्रॉली आत यायची म्हणून रखवालदारानं फाटक सताड उघडलं. ट्रॉली आत आली आणि ताई बाहेर गेली.

“अहो ताई! इकडं वळायचं, इकडं!” सेक्रेटरींनी शिट्टी फुंकली.

“रस्त्यावरचाही सराव पाहिजे ना दादा!” असं म्हणत ती कोपऱ्यावरून वळलीसुद्धा.

सेक्रेटरी सफारी सूट सावरत मागं धावले आणि कापसाच्या ढिगाजवळ दम लागून थांबले. मी फाटकाबाहेर बघत उभा होतो, तो तिच्यामागं पांझरेच्या पुलापर्यंत पळालो. चढावर मागून हात लावला तर खेकसली, “ढकलू नको! उद्या तू असणार आहेस का?” मी हात काढला. चढ तिनं थांबत, घाम पुसत, मला शिव्या देत चढला. शाळेच्या बंद फाटकाला हात लावून परत फिरली.

संध्याकाळी अध्यक्ष आणि सेक्रेटरी ताईच्या घरी आले. सगळी गल्ली ओट्यांवर जमली होती. मी भाषणाला घसा साफ केला, तेवढ्यात तिची आई म्हणाली, “तू गप बस रे. या भाऊ, बसा, चहा ल्या.”

“ताई, हे बरं नाही,” अध्यक्ष म्हणाले. “क्लबची वस्तू आहे.”

“हो शेठ, तुमचीच आहे,” ताई म्हणाली. “जानेवारीत आणून देते. साहेबांच्या हातून परत घेते. नमस्कार तर पाठ झालाच आहे. तोवर सराव करते. उद्यापासून माझा वर्ग आहे, शेठ. मला जायचंय.”

अध्यक्षांनी बशीत चहा ओतला. एवढ्या लोकांसमोर तिला गाडीवरून उतरवायचं कुणी, हा हिशेब त्यांनी बशी संपेपर्यंत केला असावा.

“गाडी नवी दिसली पाहिजे,” ते शेवटी म्हणाले. “सीटवरचं प्लॅस्टिक काढू नका.”

ताई दोन महिने प्लॅस्टिकवर बसून देवपूरला गेली. गाडी पुलावर दिसली की लोक टाइम विचारायच्या भानगडीत पडत नसत.

जानेवारीत गव्हर्नरसाहेब आले. घंटा वाजली, साखळ्या चमकल्या, ज्या सभासदांनी बिल्ला लावला नव्हता त्यांना हसतखेळत दंड झाला. ताईनं धुतलेली गाडी आणली, मागं घेऊन रांगेत उलटी लावली, साहेबांसमोर जागच्या जागी वळवली. साहेबांना भरून आलं. माईकवर म्हणाले, “पाहा! प्रथमच बसली आणि काय हा आत्मविश्वास! ही सेवेची शक्ती आहे!” अध्यक्षांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांत उशिरा थांबवल्या.

मग सेक्रेटरींनी जाहीर केलं की पेपरचा फोटोग्राफर लग्नात अडकलाय, लाभार्थींनी थांबावं, गाड्या हलवू नयेत.

“किती वेळ?” ताईनं विचारलं.

“येईलच तासाभरात. साहेब पण थांबलेत.”

“साहेबांना वेळ असेल. माझा दुपारचा वर्ग आहे. मुली कापड घेऊन बसल्या असतील. सरका दादा.”

सेक्रेटरी सरकले. अध्यक्ष त्यांच्याही आधी सरकले होते. ताईच्या मागून बाकीचे तिघं निघाले, गाड्या एकमेकींवर आपटत, पण निघाले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. ‘अपंगांना सायकली वाटप’. फोटोत गव्हर्नर, अध्यक्ष, सेक्रेटरी आणि सगळे सभासद ओळीनं हसत उभे होते.