शाळेतलं पिल्लू आणि माझा नियम

शाळेत प्राणी ठेवायचा तर काय काळजी घ्यावी, यावर बोलायला गेल्या वर्षी मला आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत उभं केलं. हात धुणं, वेगळं भांडं, लस, पालकांची संमती, सगळं मी घडाघडा सांगितलं. टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांचा संताप आला. माझ्या वर्गातली एक मुलगी शाळेतल्या पिल्लाच्या चाव्यानं गेली, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून तर मला बोलावलं होतं. पण ते तोंडावर म्हणायला कोणी तयार नव्हतं.

दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमागे आमची दोन खोल्यांची शाळा. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर येणाऱ्या एका गाडीखाली कुत्री मेली आणि तिचं एक पिल्लू मुलांनी उचलून आणलं. मी आधी नाही म्हणाले. मग मुलांची तोंडं बघून विरघळले. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडलं होतं. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई भांड्याच्या तळाची खिचडी त्याला ठेवायच्या, मुलं आळीपाळीनं त्याची जागा झाडायची. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिन्यांचं झालं की लस टोचू. तोवर सांभाळायचं होतं.

सांभाळण्यासाठी मी नियम केला. माझा आवाज मोठा आहे आणि मुलं मला टरकून असतात, याचा मला तेव्हा अभिमान होता. मी म्हणाले, "पिल्लानं कोणाला नुसता दात लावला तरी त्याच दिवशी त्याला खाडीपलीकडे सोडून येईन." मुलं जपून वागतील अशी माझी समजूत होती.

मार्चमध्ये चौथीतली एक मुलगी बोटाला फडकं बांधून आली. हुशार, जरा आगाऊ, पिल्लावर सगळ्यांत जास्त जीव असलेली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "बाई, म्हावरं कापताना विळी लागली." मी तिच्यावरच डाफरले, एवढ्याशा पोरीला विळीवर बसवतात का, आईला सांग म्हणून. फडकं सोडून बघितलं नाही. एवढं एक केलं असतं तर, हा विचार आता माझ्या मागे कायमचा लागला आहे.

चार-पाच दिवसांत पिल्लू बिघडलं. खिचडीला तोंड लावेना, दाराची चौकट चावत बसायचं, तोंडातून लाळ गळायची. मी मुलांना लांब ठेवलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेलेलंच सापडलं. ताईंनी आणि मी ते शाळेमागे पुरलं आणि मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, कोणाला चावलंय, ओरखडलंय? मग म्हणाले, "कोणी नाही म्हणालं तरी सगळ्यांना बोर्लीला आरोग्य केंद्रात न्या. लस घ्यायला एक दिवसही थांबू नका."

मी वर्गात उभी राहिले आणि म्हणाले, "चावलं असेल त्यांनी हात वर करा." एकही हात वर झाला नाही. ती पहिल्या रांगेत, बोटावरचं फडकं मांडीत दडवून बसली होती.

सगळ्यांना न्यायला हवं होतं. पण तेवढ्या पालकांना काय सांगायचं? बाईंनी शाळेत पिसाळलेलं कुत्रं पाळलं, अशी गावभर बोंब झाली असती. मी भ्याले. मुलं नाही म्हणतायत ना, मग नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि नोंदवहीत लिहिलं, "कोणासही चावा नाही." खाली माझी सही आहे.

मेच्या सुट्टीत तिला ताप आला. मग पाण्याचा पेला पुढे केला की ती किंचाळायला लागली. अलिबागला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तिच्या आईला बाहेर बोलावून सांगितलं, आता काही करता येणार नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

बाराव्यानंतर मी तिच्या घरी गेले. आईनं पाण्याचा तांब्या समोर ठेवला. मला तो उचलवेना. पदराला हात पुसत ती माझ्यासमोर बसली.

"मला म्हाईत व्हतं, बाई," ती म्हणाली. "मीच तिखट भरलं बोटात. कुत्रं चावलं की आमच्यात तसंच करतात. लय रडली. पन मला शप्पथ घातली, बाईंना सांगू नको, पिल्लाला सोडून येतील."

"पण पिल्लू मेल्यावर तरी सांगायचं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. त्या घरातसुद्धा चढला.

"मी बोलले तिला, आता सांगूया. न्हाय म्हनली. आता कळलं तर बाई परत कंदी दुसरं पिल्लू ठेवू द्यायच्या न्हाईत."

कळलं असतं तर मी खरंच ठेवू दिलं नसतं.