चौकशीला आलेल्या बाई

आमच्या घरी चौकशीला कुणीतरी येणार, हे कळल्यावर शेजारच्या काकूंनी पहिला सल्ला दिला तो वॉशिंग मशीनवर चादर टाकायचा.

मी तेव्हा नुकतीच बारावी झाले होते आणि मला भूशास्त्र शिकायचं होतं. सरकारी शिष्यवृत्तीतून कॉलेजची फी निघणार होती. पण या विषयात दरवर्षी लांबलांबच्या डोंगरांत अभ्याससहली असतात आणि त्यांचा खर्च शिष्यवृत्तीत बसत नव्हता. पप्पा हिंदमाताला साड्यांच्या दुकानात कामाला होते, मम्मी घरी ब्लाउजना हुक लावून द्यायची. म्हणून मी गिरगावातल्या एका जुन्या ट्रस्टकडे अर्ज केला. कागद घेतल्यावर तिथले कारकून म्हणाले, "आमच्या बाई घरी येऊन बघतील, मग ठरेल."

काय बघतील, ते त्यांनी सांगितलं नाही. वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची एक खोली, त्यात बघण्यासारखं असं काय? मी उगाच भिंतींकडे, मोरीकडे परक्या माणसासारखी बघत बसायचे.

"चादर टाकली तर आधी चादरीखालचंच बघतील," मम्मी काकूंना म्हणाली.

"हप्त्यावर घेतलंय, चोरलेलं नाय," पप्पा म्हणाले. "राहू दे उघडं."

बाई रविवारी सकाळी आल्या. साठीच्या पुढच्या, सुती साडी आणि पायांत चालायचे बूट. जिना चढून दमल्या होत्या. पाणी प्यायल्या, मशीनकडे बघितलं, मम्मीला विचारलं, "चांगलं चालतं का हो? माझं सारखं बिघडतं." "अजून तरी," मम्मी म्हणाली.

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "दगडच का?"

मदत का हवी, याचं उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं. हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता, घरीसुद्धा नाही. चांगले मार्क आहेत, काहीतरी सायन्सचं घेतेय, एवढंच सगळ्यांना माहीत.

मी सांगायला लागले. चाळीच्या जागी टॉवर बांधायचे म्हणून आमच्या मैदानात ड्रिलिंगचं मशीन आलं होतं. जमिनीत खोल भोक पाडून ते दगडाचे लांब, गोल तुकडे वर काढायचं आणि कामगार ते खोक्यांत ओळीने मांडून ठेवायचे. शाळेतून येताना मी तिथे थांबायचे. वरचा दगड काळा, खालचा पिवळसर, मध्येच तांबडा. एकाच जागी इतके रंग का, ते शोधताशोधता मी वाचत गेले.

"आणि काय सापडलं?"

"बेडूक," मी म्हणाले. "वरळीच्या टेकडीतल्या दगडांत बेडकांचे सांगाडे सापडलेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे."

दाराला टेकून उभे असलेले पप्पा पुढे आले. "कुठल्या टेकडीत? आपल्या?"

"आपल्याच."

"पण समुद्र इथे बाजूला. बेडूक खाऱ्या पाण्यात कसा राहील?"

"तेव्हा इथे समुद्र नव्हता. गोड्या पाण्याची तळी होती. मधूनमधून लाव्हा वाहायचा, तो थंड झाला की पुन्हा पाणी साठायचं."

"मग लाव्हा आल्यावर ते बेडूक कुठे जायचे?"

ते मला माहीत नव्हतं. बाईंनाही नव्हतं. त्यांनी पप्पांना विचारलं, "मुलगी हे शिकायला निघालीय, तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाय," पप्पा म्हणाले. "मला वाटलं, यात नोकरी चांगली मिळते."

"मिळते का?"

"कधीकधी," मी म्हणाले, आणि मम्मीला हसू आलं.

चहा झाला. आमच्या खोलीच्या खाली काय असेल, यावर पप्पा आणि बाई बोलत राहिले, जणू मी घरात नाहीच. निघताना दारात बाईंना आठवलं, "अहो, उत्पन्नाचा दाखला बघायचा राहिला." मम्मीने तो काढून दिला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला आणि परत केला.

पुढच्या महिन्यात ट्रस्टमधून फोन आला. पहिल्या वर्षीच्या सहलींचा खर्च मंजूर झाला होता, पुढचं निकाल बघून ठरणार होतं. मम्मीने ते काकूंना गॅलरीतूनच ओरडून सांगितलं.

कॉलेज सुरू झालं आणि पप्पांना नवीनच सवय लागली. दुकानातून आले की हातपाय धुऊन माझ्यासमोर बसायचे. "आज काय शिकवलं?" पहिल्या सहलीला आम्ही घाटात गेलो, तेव्हा त्यांचा दुपारीच फोन आला. दुकानात गिऱ्हाईक असावं, हळू आवाजात बोलत होते.

"काय दिसतंय?"

मी समोरच्या कड्यावरचे थर वरपासून सांगू लागले. मागून कुणीतरी त्यांना पैठणी दाखवायला सांगत होतं.

"तू बोल," ते म्हणाले. "मी ऐकतोय."