बॉम्बच्या बाजूनं लिहिलेलं भाषण

आमच्या औशाच्या शाळेत वादविवाद स्पर्धेची एक रीत आहे. लेकरू चिठ्ठी उचलतं, बाजू ठरते, आणि भाषण बाई लिहून देतात. लेकरानं पाठ करायचं, हावभाव बसवायचे, ढाल आणायची. वीस वर्षं मी हेच करत आले आणि वर त्याला संस्कार म्हणत आले. संस्कार कसले, डोंबल!

त्या वर्षीचा विषय होता, युद्ध संपवायला अणुबॉम्ब टाकणं योग्य होतं का. नववीतल्या एका पोरीच्या चिठ्ठीत ‘योग्य होतं’ निघालं. मी ऑफ तासाला चहा पिता पिता दोन पानं खरडली. जपान शरण येत नव्हता, लढाई लांबली असती तर दोन्हीकडची लाखो माणसं मेली असती, म्हणून दोन शहरं गेली ती परवडली. ‘एका क्षणात युद्ध संपलं’ ह्या वाक्यावर पोरीनं चुटकी वाजवायची, असं मीच बसवलं. पोरगी अशी खणखणीत वाजवायची की अख्खा वर्ग टाळ्या पिटायचा. तालुक्याला पहिली, जिल्ह्याला पहिली. परीक्षकांनी चुटकीचं वेगळं कौतुक केलं आणि मी फुगून गेले.

नांदेडच्या विभागीय फेरीआधी सराव चालला होता, तेव्हा शाळेचे शिपाई दारात येऊन उभे राहिले. सगळी शाळा त्यांना मामा म्हणते. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं घर पडलं, त्यात बायको आणि दोन लेकरं गेली. हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं, तरी लिहिताना आठवलं नाही. एरवी मामा शिक्षकांच्या कामात तोंड घालत नाहीत.

“बाई, ती चुटकी नका वाजवायला लावू पोरीला,” ते म्हणाले. “आमचं गाव बी तसंच, एका क्षणात गेलं. पर पुढं चार दिस मी दगडं उपसत होतो. आन् आमच्यावर तर कुणी काही टाकलं नव्हतं. तिथं माणसानं टाकलं.”

मला त्यांचाच राग आला. स्पर्धा तोंडावर, आणि ह्यांचं हे मध्येच. ही नुसती स्पर्धा आहे, बाजू चिठ्ठीनं आलीय, भूकंपाचा इथं काय संबंध, असं मी फाडकन बोलले. मामा ‘बरं’ म्हणून पाणी भरायला गेले.  थोड्या वेळानं पोरीनं बाजू बदलून मिळेल का, असं विचारलं. तसा नियम नाही, गुमान पाठ कर, म्हणून मी तिच्यावरही डाफरले.

नांदेडला सभागृह भरलेलं होतं. पोरगी धडाधड बोलत त्या वाक्यापाशी आली आणि थांबली. विसरली असं वाटून मी खालून ओठ हलवून शब्द पुरवायला लागले. तिनं माझ्याकडं बघितलं.

“हे भाषण बाईंनी लिहून दिलंय,” ती माइकवर म्हणाली. “ह्याच्या पुढचं मला पटत नाही. मी बोलणार नाही.”

आणि खाली उतरली. तिला बाद केलं. मामा काय सांगत होते, ते मला तेव्हा कुठं कळलं. एक परीक्षक मला समजावायला आले, की दिलेली बाजू निभवायला शिकवा, उद्या वकील कशी होणार ही. माझं डोकंच फिरलं. दोन शहरं भाजली त्याचं समर्थन करायला पोरीनं नाही म्हटलं, आणि ह्या माणसाला तिच्या वकिलीची काळजी! हावभावाला दहा गुण देता, लेकराला पटलं का ह्याला किती देता, असं मी चारचौघांत विचारलं. ते हसले आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. मेलेल्यांवर टाळ्या घेणारे आम्ही, आणि शिस्त शिकवायची त्या लेकराला. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

परतीच्या बसमध्ये ती रडत होती, शाळेची ढाल गेली म्हणून. रडू नको, चूक माझी आहे, असं मी म्हटलं. तिनं ओढणीनं डोळे पुसले.

“बाई, लिहिताना तुम्हाला तरी पटलं होतं का?”

पटलं होतं म्हणावं, तर ते खरं नव्हतं. पटलं नव्हतं, हेही खरं नव्हतं. मी त्यावर विचारच केला नव्हता, आणि तिला मी तसंच सांगितलं. ती जरा सरकून बसली, माझ्यापासून.