सर्व्हरवरून भोपाल पुसलं तेव्हा

भोपालपासून तुटून नवं राज्य झालं अन् आमच्या साहेबाले भोपालची ॲलर्जी झाली. साहेब स्वतः भोपालहून बदलून आलेला. बायकापोरं अजून तिथंच, शनिवार आला की रात्रीच्या गाडीनं तिकडंच पळायचा. पण ऑफिसात भोपाल हा शब्द दिसला की त्याचं तोंड वाकडं व्हायचं. शिक्के बदलले, लेटरहेडवर पट्ट्या चिकटवल्या, कपाटांवर पेंट मारला. एका खुर्चीच्या बुडाले भोपाल लिहिलेलं होतं, तर ती उलटी करून खरडली. खालून कोण वाचणार होतं, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. मी कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. कंत्राटी माणसाच्या पगारात हिंमत धरलेली नसते.

ऑफिस होतं रायपुरात, तेलीबांध्याकडं, भाड्याच्या बंगल्यात. राजधानी झाली होती, बिल्डिंगी व्हायच्या होत्या, म्हणून जिथं जागा मिळाली तिथं सरकार बसलं होतं. साहेब बेडरूममध्ये, बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क जेवणाच्या खोलीत अन् मी स्वयंपाकघरात. कारण सर्व्हर ओट्यावर ठेवला होता. ही मशीन भोपालहून वाटणीत आलेली. माऊस नाही, चित्र नाही, नुसता काळा पडदा, त्यावर कमांड टाईप करायची. बाजूचा नळ रात्रंदिवस ठिबकायचा.

मले नकलांचा नाद लहानपणापासून. डोंगरगडच्या शाळेत मी हेडमास्तरच्या आवाजात वर्गाले सुटी देऊन टाकली होती, पोट्टे घरीही पोचले होते. साहेबाची नक्कल तर फारच सोपी. नाकातून बोलायचं, आधी "देखिए" म्हणायचं, मग दम खाऊन "ऐसा है कि". बडेबाबू, ज्यांना मी काका म्हणायचो, ते नागपूरकडचे. माझी नक्कल ऐकून त्यांचा चहा रोज बशीत कमी अन् शर्टावर जास्त पडायचा.

एका संध्याकाळी साहेबानं पडद्यावरच्या एका ओळीत भोपाल वाचलं.

"ये क्या है? हमारे राज्य की मशीन में?"

मी समजावलं, की भोपालच्या इंजिनियरनं सगळ्या कमांडी त्या नावाच्या फोल्डरात ठेवल्या आहेत. कमांड शोधायले कुठं जायचं, तो पत्ता ही ओळ मशीनले सांगते.

"तो पता बदलो."

"सर, पता बदलेंगे, पर घर तो वहीं रहेगा न?"

साहेबानं माझ्याकडं पाहिलं अन् काम काकांना दिलं. काका प्रश्न विचारत नसत, म्हणून तर बडेबाबू झाले. त्यांनी एका बोटानं भोपाल खोडलं, रायपूर लिहिलं, अन् सेव्ह कसं करायचं ते मलेच विचारलं.

सकाळी मशीन चालू केली. फाईली दाखवणारी एलएस टाकली, नाही सापडली म्हणे. दुसरी टाकली, तीही नाही. मशीन आपली इमानदारीनं रायपूर नावाच्या फोल्डरात शोधून राहिली होती, अन् तो फोल्डर कोणी बनवलाच नव्हता.

"तुमने क्या किया?" साहेबानं विचारलं. मले, काकांना नाही.

"सर, वो कल जो पता..."

"देखिए, ऐसा है कि शाम को बड़े साहब मशीन देखने आ रहे हैं. नहीं चली तो कल से यहाँ मेरा साला बैठेगा."

साला व्हरांड्यात बसूनच होता, डब्यासकट.

"सर, भोपाल के इंजीनियर को फोन लगाऊँ?"

"हम भोपाल से पूछेंगे? अब हम अलग हैं."

इतकं बोलून साहेब मीटिंगले गेला. मी ओट्यापाशी बसून नळाकडं पाहत राहिलो. घरी आईनं शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं की पोट्टा सरकारात आहे.

"काहून बसून राहिला बे?" काका आले. "लाव नं फोन."

"साहेब नाही म्हणाले. अन् तो इंजिनियर ऑपरेटरशी बोलत नाही. मागं म्हणाला, अपने साहब से बात कराओ, अन् आपटला फोन."

"मग साहेबालेच बोलू दे." काकांनी फोनच्या कुलुपाची किल्ली माझ्यासमोर ठेवली. "नाकातून बोलजो." साल्याले त्यांनी आधीच पान आणायले गोल बाजारात पिटाळलं होतं. पान कोपऱ्यावरही मिळायचं.

मी फोनवर, काका सर्व्हरपाशी, मधात उघडं दार.

"देखिए, ऐसा है कि एलएस नहीं चल रहा."

"अरे साहब, आप खुद मशीन पर?"

"तो और कौन बैठेगा."

इंजिनियर एकदम मऊ झाला. म्हणाला, कमांड कुठं राहते ते सांगणारी टाईप लिहा, अन् पुढं सीडी. काकांनी लिहिलं. मशीन म्हणाली, सीडी ही कमांड तर शेलमधलीच, म्हणजे कमांडी ऐकणाऱ्या प्रोग्रामातलीच आहे. मग टाईप अन् एलएस. ती सापडली नाही.

"बस साहब. कुछ कमांड शेल के पेट में रहती हैं, बाकी बाहर से बुलानी पड़ती हैं. बाहर वालों का पता बिगड़ा है. अभी पेट वालों से काम चलाइए."

मले आमचं ऑफिसच दिसलं. साहेब बाहेरून मागवलेला, काका पोटातले. मी कुठला, हे संध्याकाळी ठरणार होतं.

त्यानं इको लिहून पुढं ताऱ्याची खूण मारायले सांगितलं. भराभर सगळ्या फोल्डरांची नावं पडद्यावर आली. त्यात भोपाल होतं, जिथल्या तिथं. मग जुना पत्ता शेलले हातानं सांगितला अन् एलएस अशी धावत आली, जशी सुटीवरून परतली.

"कमाल है साहब. बाकी अफसर तो माउस भी नहीं पकड़ते."

इथं फोन ठेवायचा होता. पण नाकातून बोलायची मजा वेगळीच असते.

"देखिए, ऐसा है कि हमारा लड़का भी बहुत होशियार है. उसको हम छोड़ेंगे नहीं."

काकांनी ओट्यावर डोकं टेकवलं.

काकांनी बदललेल्या फाईलीत मी भोपाल परत लिहिलं, अन् वर इकोची एक ओळ घातली. इको बिचारी जे सांगाल ते जसंच्या तसं बोलते, माझ्याच जातीची. मशीन सुरू झाली की मोठ्या अक्षरात रायपूर यायचं. वरून रायपूर, आतून भोपाल. संध्याकाळी ते पाहून साहेब खूश झाला. बडे साहेबांनीही मान डोलवली.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबाले सवय होती, समोरचा बोलेल ते मोठ्यानं परत म्हणायची.

"हाँ, बोलिए. मशीन चल गई? हाँ, चल गई... मैंने चलाई? टाइप? इको?"

बडे साहेब वळले. "अच्छा, आप खुद कमांड चलाते हैं?"

साहेबाची मान हळूहळू ताठ झाली. "थोड़ा बहुत, सर." मग परत फोनमध्ये, "लड़का? बहुत होशियार? छोड़ेंगे नहीं... मैंने कहा?"

"कौन लड़का?" बडे साहेबांनी विचारलं.

काका छताकडं पाहून राहिले होते. साहेबानं माझ्याकडं पाहिलं, मग काकांकडं, मग काकांच्या टेबलावरच्या किल्लीकडं. लड़का नाही म्हणावं तर कमांड चालवल्याची शाबासकीही गेली.

"ये है, सर," साहेब म्हणाला. "मैंने ही कहा था."

बडे साहेबांनी माझी पाठ थोपटली. साला डबा घेऊन घरी गेला, पान काकांनी खाल्लं. माझं कंत्राट वाढलं. त्या दिवसापासून साहेब मले एक शब्दही बोलला नाही, अन् फोनची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवू लागला.